कापड थांबेपर्यंत

नृत्यदिग्दर्शिकेनं पहिल्या भेटीत काही सांगायच्या आधी करूनच दाखवलं. तालमीच्या हॉलमध्ये खुर्चीवर पडलेली ओढणी तिनं खांद्यावर टाकली, एक गिरकी घेतली आणि पाय रोवून जागच्या जागी थांबली. ती थांबली तरी ओढणी चालूच होती. कमरेला वळसा घालून पुढे आली, मांडीवर आपटली, परत मागे गेली आणि मग कुठे सरळ लोंबायला लागली. "मला हे हवंय," ती म्हणाली. "अंग थांबल्यावर कापडाचा जो वेळ उरतो ना, तो."

रचना भरती-ओहोटीवरची होती. ६ नर्तकी, २२ मिनिटं. रंगमंचावर प्रयोग होणारच नव्हता. दोन दिवस चित्रीकरण, आणि जे काही होईल ते त्यात. पोशाख माझ्याकडे होते आणि माझ्या हातात ५ आठवडे होते. त्याआधी मी केलेलं सगळं काम रंगमंचासाठीचं. तिथे पहिल्या रांगेतला माणूससुद्धा काही मीटर लांब असतो, त्यामुळे आतली शिवण जरा ओढली गेली, दुमड एखाद्या ठिकाणी चुण्या धरून बसली तरी प्रकाशात निभावून जातं. इथे कॅमेरा नर्तकीच्या अंगाला लागेल इतका जवळ येणार होता.

कापड निवडायला मी एक आठवडा घेतला आणि तो आठवडा पूर्ण वसूल झाला. सात तऱ्हेच्या कापडांचे मीटर-मीटरचे तुकडे आणले, एका सारख्या पट्ट्याला टाचले, तो पट्टा एका नर्तकीच्या कमरेला बांधला आणि तिला तीच एक गिरकी सात वेळा घ्यायला लावली. समोर फोन तिकाटण्यावर. मग घरी बसून एकेक चौकट (फ्रेम) पुढे सरकवत पाहिलं, की तिचा पाय जमिनीवर टेकल्यानंतर कापड किती चौकटी हलतंय. शिफॉन आणि जॉर्जेट हातात घेतलं की नाचासाठीच जन्माला आल्यासारखं वाटतं. हवेत ते सुंदर तरंगतं, पण त्याला स्वतःचं वजन नाही, हवा त्याला अडवते आणि गिरकीचा जोर तिथेच विरून जातो. सुती व्हॉइल फुगतं आणि फुगलेलंच राहतं. व्हिस्कोसचं जाडसर क्रेप मात्र वेगळंच निघालं. हातात ओलसर, जड लागतं. सोडलं की सरळ खाली पडतं. आणि फिरवून थांबवलं की लोलकासारखं पुढे-मागे जात राहतं. नृत्यदिग्दर्शिकेला मी सातही तुकड्यांची चित्रफीत दाखवली, कुठलं कोणतं ते न सांगता. तिनं क्रेपवर बोट ठेवलं.

नाचाच्या पोशाखाचं काम हाती आलं की मला नेहमी लोई फुलर आठवते. ही अमेरिकन नर्तकी कित्येक वार रेशीम अंगावर घेऊन नाचायची आणि कापडाच्या आत काठ्या धरून हातांची लांबी वाढवायची, म्हणजे खांद्यातून निघालेली लाट पार कापडाच्या टोकापर्यंत जायची. त्या पोशाखाचं तिनं १८९४ मध्ये अमेरिकेत रीतसर पेटंट घेतलं. दुसरी मार्था ग्रॅहॅम. १९३० मध्ये तिनं एक एकलनृत्य केलं, लवचीक जर्सीच्या नळीत शिरून, जवळजवळ सगळं बसूनच. तिथे कापड उडत नाही, ताणलं जातं. आतून कोपर आणि गुडघे बाहेर रेटतात आणि दुःख त्या ताणात दिसतं. या दोघींमध्ये कुठेतरी आमचं काम बसत होतं. मला वाटतं, नाचातलं कापड काही करणार नसेल तर ते कमीत कमी ठेवावं. शोभेसाठी लटकवलेली झालर नर्तकीलाच वागवावी लागते.

घेराचा हिशेब सोपा आहे, पण तो चुकला की सगळं चुकतं. कंबर ७० सेंटीमीटर आणि पूर्ण गोल घेर असेल, तर मधल्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे ११ सेंटीमीटर येते. लांबी ८० धरली की खालची किनार भरते ५ मीटर ७० सेंटीमीटरच्या घरात. पहिला नमुना मी तसाच कापला. मांजरपाटातून, कारण किमती कापडाला कात्री लावायची घाई मी कधी करत नाही. पण मांजरपाटावरून मापं कळतात, पडणं कळत नाही. त्यामुळे दुसरा नमुना क्रेपच्या उरलेल्या तुकड्यांतून जोडून शिवला. पूर्ण घेर गिरकीत वर उठून थाळीसारखा आडवा पसरला. डोळ्यांना छान दिसलं. फोनमधून पाहिलं तर एक सपाट तबकडी आणि तिच्या खाली दोन पाय. लाट कुठेच नव्हती. मग घेर पाऊण केला. किनार साडेचार मीटरपर्यंत आली, उठाव कमी झाला आणि कापडात उभ्या घड्या राहायला लागल्या. भरतीचं पाणी या घड्यांमध्ये होतं.

गोल कापलेल्या कापडात काही भाग उभ्या धाग्यावर येतो, काही आडव्या आणि बाकीचा उरेब, म्हणजे तिरका. उरेब भाग स्वतःच्या वजनानं खाली उतरतो. म्हणून कापल्या-कापल्या दुमड घालायची नसते. सहाही घागरे दोन दिवस नुसते टांगून ठेवले आणि तिसऱ्या दिवशी नर्तकींना उभं करून, जमिनीपासून पट्टी धरून, किनार खडूनं आखून घेतली. एका ठिकाणी ३ सेंटीमीटरपर्यंत फरक निघाला. खालच्या किनारीला वजन हवं म्हणून पडद्यांच्या दुमडीत घालतात ती वजनाची दोरी घालून पाहिली. झोका लांबला, पण लोळण्याच्या भागात ती नडगीवर फटकारायला लागली. एका मुलीनं तालमीनंतर पाय दाखवला तेव्हा मी तिथेच बसून सगळी दोरी उसवून काढली. मग त्याच क्रेपची ४ सेंटीमीटरची उरेब पट्टी आतून लावली. वजन तेवढंच मिळालं असं म्हणणार नाही, पण पुरेसं मिळालं, आणि अंगाला काही टोचत नव्हतं.

वरच्या भागाची अडचण पहिल्या फिटिंगला समोर आली. सगळ्यांत उंच मुलीनं दोन्ही हात वर घेतले आणि अख्खा पोशाख हाताबरोबर वर गेला. कंबर बरगड्यांवर, किनार घोट्याच्या बरीच वर. हात खाली आणले तरी कंबर वरच अडकून राहिली आणि तिला ती ओढून खाली घ्यावी लागली. असं ओढून घेणं कॅमेऱ्यात एकदा दिसलं की त्या क्षणाचं नृत्य संपलं. मी मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात ती गोलाई, आणखी खाली कापायला निघाले होते. आमच्याकडे शिवायला बसणाऱ्या मावशींनी माझ्या हातातली कात्री काढून घेतली.

"ताई, खाली नका नेऊ. मुंढा खाली गेला की हात उचलताना सगळं अंग त्याच्याबरोबर ओढलं जातं. वर ठेवा, बगलेत घट्ट. आणि मोकळीक कळीतून द्या."

कळी म्हणून त्यांनी मांजरपाटाचा एक चौकोन कापला, तळहातापेक्षा थोडा लहान. बगलेतली शिवण चार बाजूंनी उसवली, चौकोन तिरपा धरून त्या भोकात बसवला, म्हणजे एक टोक बाहीकडे, एक अंगाकडे, आणि कच्च्या धावदोऱ्यानं टाचला. चौकोनाच्या कोपऱ्यावर त्या थांबल्या. तिथे टीप एक धागाभर जरी पुढे गेली तर चुणी पडते, मागे राहिली तर भोक. सुई कोपऱ्यात रोवून, मशीनचा पाय उचलून, कापड वळवून, पाय परत टेकवायचा, असं त्यांनी मला नंतर मशीनवर करून दाखवलं. मुलीनं पुन्हा हात वर घेतले. किनार हलली नाही. ती मुलगी हात वर-खाली, वर-खाली करत आरशासमोर बराच वेळ उभी होती. बारा बगला, बारा कळ्या. त्या दोन दिवसांत मी दुसरं काही केलं नाही.

बाकी शिवणकामाबद्दल थोडक्यात. मागची चेन काढून टाकली आणि बांधायचे बंद बाजूला घेतले, कारण पाठीवर लोळताना चेन मणक्यात रुतते. आतल्या लवचीक कापडाला गोल टोकाची सुई आणि झिगझॅग टीप. सरळ टीप पहिल्याच ताणात तटातट तुटते. सेफ्टी पिन एकही नाही. फिटिंगला वापरलेल्या टाचण्या मोजून घ्यायच्या, मोजून परत डबीत टाकायच्या. अनवाणी नाचणाऱ्यांच्या खोलीत एक टाचणीसुद्धा खाली राहता कामा नये.

रंगाच्या बाबतीत मात्र मला मार बसला. चित्रीकरणाच्या दहा दिवस आधी कॅमेरामननं एक अख्खी दुपार चाचणीसाठी मागून घेतली होती आणि मला तेव्हा ते जास्तीचं वाटलं होतं. मी तीन रंग ठरवले होते: फेसाचा पांढरा, पाण्याचा राखाडी-निळा, रात्रीचा काळा. निळ्यासाठी एक बारीक रेघांचं कापड मिळालं होतं. जवळून पाहिलं तरच रेघा दिसत, लांबून नुसती झाक. मला ते अतिशय आवडलं होतं आणि त्यातलं ९ मीटर मी कापूनही टाकलं होतं. कॅमेऱ्यासमोर मुलगी आली आणि पडद्यावर तिच्या अंगावर इंद्रधनुषी वळवळ सुरू झाली. कापडाच्या रेघा आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची बारीक जाळी एकमेकांवर पडली की असं होतं. ती एक पाऊल मागे गेली की वळवळ बदलायची, पुढे आली की वाढायची. कॅमेरामननं थोडं आउट ऑफ फोकस करून दाखवलं, लेन्स बदलून दाखवली. काही अंतरांवर जात होती, पण आमच्या मुली तर सतत पुढे-मागे होणार होत्या. ते ९ मीटर बाजूला ठेवले. वाईट वाटलं, पण त्या वळवळीकडे पाहिल्यावर दुसरं काही मनात आलं नाही.

पांढऱ्याची गोष्ट निराळी. पांढऱ्या कापडावर प्रकाश बेतला तर चेहरे काळवंडतात, चेहऱ्यावर बेतला तर कापड जळून जातं. जळतं म्हणजे घड्या नाहीशा होतात आणि अंगावर एक कोरा कागद चिकटवल्यासारखा दिसतो. घड्या नाहीत म्हणजे लाटच नाही. त्यावर जुना उपाय आहे, चहाच्या पाण्यात बुडवायचा. घट्ट चहा, गाळून, कापड आधी साध्या पाण्यात पूर्ण भिजवून मग त्यात, सतत हलवत, नाहीतर डाग पडतात. बाहेर काढल्यावर ते मळकट बदामी दिसत होतं आणि नृत्यदिग्दर्शिकेचा चेहरा उतरला. पडद्यावर ते पांढरं दिसलं. सगळ्या घड्यांसकट.

काळ्यानं तर आम्हाला कोड्यातच टाकलं. शेवटच्या भागासाठी दोन तऱ्हेच्या काळ्या ओढण्या होत्या, काही क्रेपच्या आणि काही पॉलिएस्टरच्या, डोळ्यांना अगदी एकसारख्या. हॉलला मोठमोठ्या खिडक्या होत्या. दिवसाच्या उजेडात लेन्स उघडी ठेवायची म्हणून कॅमेरामननं पुढे गडद फिल्टर लावला होता. पडद्यावर पॉलिएस्टरची ओढणी किरमिजी-तपकिरी झाली. काही कृत्रिम कापडांवरचा काळा रंग डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण परत फेकतो. असा फिल्टर दिसणारा प्रकाश अडवतो, पण हे किरण पुरेसे अडवत नाही. आणि सेन्सरला ते दिसतात. सगळ्या ओढण्या क्रेपच्या केल्या. ही चाचणी झाली नसती तर हे आम्हाला संकलनाच्या टेबलावर कळलं असतं.

त्याच दुपारी मुलींना मुद्दाम अर्धा तास पूर्ण जोरात नाचवलं. राखाडी-निळ्याच्या फिक्या छटेवर पाठीला आणि बगलेत घामाचे काळपट नकाशे उमटले. राखाडीवर घाम सगळ्यांत आधी दिसतो. म्हणून निळा तीन छटांनी गडद केला.

पण त्या चाचणीतून सगळ्यांत महत्त्वाचं जे निघालं ते वेगळंच होतं. संकलकानं संध्याकाळी दोन मिनिटांचा तुकडा जोडून पाठवला. नीटस होता, तालावर होता. मला बघताना सारखं काहीतरी हुकल्यासारखं वाटत होतं. चौथ्यांदा बघताना लक्षात आलं. मुलगी थांबली की तो दुसऱ्या दृश्यावर जात होता. त्याच्या दृष्टीनं हालचाल तिथे संपली होती, आणि नाचाचं संकलन हालचालीवरच होतं. आम्ही साडेतीन आठवडे ज्या उरलेल्या वेळासाठी कापड शोधत होतो, तो वेळ दर वेळी कापून खाली पडत होता.

मी त्याला दोष दिला नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं शॉट-यादी घेऊन बसलो. यादीत शॉटचा क्रमांक, संगीतातली जागा, लेन्स, कॅमेऱ्याची उंची असे रकाने होते. त्यात एक नवा रकाना आखला: कापड. प्रत्येक थांब्यासमोर किती सेकंद थांबायचं ते तालमीच्या चित्रफितीवरून मोजून लिहिलं. कुठे दोन, कुठे अडीच, शेवटच्या शॉटला तीन. नृत्यदिग्दर्शिकेनं चार ठिकाणी संगीतात तेवढी जागा मोकळी करून घेतली. कॅमेरामननं त्याच बैठकीत आणखी एक हिशेब मांडला. सेकंदाला २५ चौकटी आणि प्रत्येक चौकटीला शटर पन्नासांश सेकंद उघडं असेल आणि कापडाचं टोक सेकंदाला ५ मीटरच्या वेगानं जात असेल, तर एका चौकटीत ते १० सेंटीमीटर पुसट होतं. अंगाच्या गतीला ते शोभतं, कापडाच्या घड्या मात्र दिसत नाहीत. म्हणून भरतीच्या भागातले काही शॉट ५० चौकटींवर आणि शंभरांश शटरवर घ्यायचे ठरले. पुसटपणा निम्मा, प्रकाश दुप्पट लागणार. ते २५ वर चालवले की गती अर्धी होते. तरीही ताल जुळायला हवा असेल तर चित्रीकरणात संगीत दुप्पट वेगानं वाजवून मुलींनी दुप्पट वेगानं नाचायचं. दोन शॉटना त्यांनी ते केलं. बाकीच्या ठिकाणी तालाचा नाद सोडला.

चित्रीकरणाच्या आदल्या रात्री मी सगळे पोशाख क्रमांक लावून टांगले. प्रत्येकीचा एक आणि जोडीला एक राखीव. जमिनीवर मध्यरेषा आणि थांबायच्या जागा, कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा जमिनीच्याच रंगाच्या चिकटपट्टीनं. सकाळी प्रत्येक पोशाखाचा समोरून, मागून, बाजूनं फोटो, म्हणजे जेवणाच्या सुट्टीनंतर ओढणीची गाठ डावीकडे होती की उजवीकडे हा वाद नको.

पहिला दिवस सुरळीत गेला. दुसऱ्या दिवशी, दुपारी, ओहोटीच्या भागात मागच्या मुलीची टाच पुढचीच्या किनारीवर पडली आणि मला तो आवाज हॉलच्या टोकाला ऐकू आला. हातभर फाटलं होतं. राखीव पोशाख बाहेर काढला, तिला घातला, कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि माझ्या पोटात गोळा आला. राखीव पोशाख मी दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या चहात बुडवले होते. उघड्या डोळ्यांना फरक नव्हता. पडद्यावर ती एकटी पिवळसर दिसत होती, बाकी पाच जणी पांढऱ्या. एकाच पाण्यात, एकाच वेळी बुडवायला हवे होते. राखीव पोशाख हा मूळ पोशाखाइतकाच खरा धरायला हवा होता. आता त्याचा उपयोग नव्हता.

मावशी बरोबर आल्या होत्या. आम्ही दोघींनी फाटलेला घागरा मांडीवर घेतला, एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. उरेब पट्टी फाटली नव्हती, फक्त तिच्या वरचं कापड गेलं होतं. त्यांनी पट्टी उसवून वर सरकवली आणि फाट तिच्यात झाकली. मी आतून बारीक हातशिलाई घातली. कॅमेरामननं तोवर खिडकीबाहेरचा उजेड बघत दोन जवळचे शॉट उरकले, हातांचे आणि पावलांचे. पंचवीस मिनिटं लागली. किनार त्या जागी दोन बोटं आखूड झाली होती, म्हणून मुलीला आम्ही अर्धं वळून उभं केलं. तुम्ही ते कितीही वेळा पाहिलंत तरी सापडणार नाही.

शेवटचा शॉट उजेड जाता जाता घेतला. सहाही जणी काळोखाच्या ओढण्या टाकून पांढऱ्यात येतात, एक लांब गिरकी, आणि थांबतात. संगीत त्याआधीच संपलेलं असतं. पहिल्या तीन वेळा काही ना काही बिघडलं. एकदा तर प्रकाश धरणाऱ्या मुलाला शिंक आली. चौथ्या वेळी त्या थांबल्या तेव्हा हॉलमध्ये फक्त कापडाचा आवाज होता, पायांवर घासत परत येणारा. एकेक घागरा शांत होत गेला. उजवीकडच्या टोकाच्या मुलीची किनार, तीच शिवलेली, अजून हलत होती. कॅमेरामननं डोळा न काढता डावा हात हवेत वर धरून ठेवला होता. तो हात खाली यायला यादीत लिहिलेल्या तीन सेकंदांपेक्षा बराच जास्त वेळ लागला.